राबियाच्या हातचं पाणी

मला राबियाचा हेवा वाटायचा. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. तेहतीस वर्षं मी सरकारी नोकरीत नर्स होते. निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं, सिस्टरांच्या मनात कधी कुणाविषयी किंतु नव्हता, वगैरे वगैरे. गळ्यात हार घालून मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, केवढा हा विनय. मला त्या वेळी एक पितळी तांब्या आठवत होता.

या अंकाच्या संपादकबाईंना खरं तर वेगळंच काही हवं होतं. फोनवर म्हणाल्या, "कोरोनात म्हाताऱ्या पेशंटची सेवा कशी केलीत ते लिहा ना." मी म्हटलं, "बाई, कोरोना आला तोवर मी निवृत्त होऊन घरी बसले होते. त्या साथीत मी पलंगाजवळ नव्हते, पलंगावर होते." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा." लिहिते, पण ते शेवटी येईल. म्हाताऱ्या माणसांना साथीत कसं सांभाळायचं हे मी त्याच्या कितीतरी आधी शिकले होते, एका शाळेच्या खोलीत, आणि शिकले तेही अगदी नाइलाजानं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. मी नांदेडची. शिक्षण तिथंच, घर तिथंच, नवराही तिथंच मास्तर. माझी बदली अहमदपूरच्या पुढच्या एका गावात झाली होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, गावाची नाही. जिल्हा नवा, पण कागद जुनेच. छापील फॉर्मवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पेननं खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं, हे रोजचं काम. शंभर फॉर्म खोडले की बोट दुखायचं. जुन्या यादीतून आमचं नाव निघालं होतं आणि नव्या यादीत अजून चढायचं होतं, त्यामुळे सलाइनच्या बाटल्या मागितल्या वीस की यायच्या पाच.

आणि त्याच उन्हाळ्यात पाणी आटलं. पाऊस आधीच्या साली दगा देऊन गेला होता. विहिरींच्या तळाशी जे उरलं होतं ते लोक वाटीनं खरवडून घागरीत भरत. तेच प्यायचे. मग व्हायचं तेच झालं. जुलाब-उलट्यांची साथ पसरली. दवाखान्याच्या खाटा दोन दिवसांत भरल्या, म्हणून सुट्टीत रिकामी असलेली शाळा आम्ही ताब्यात घेतली. दोन खोल्या लहान-मोठ्यांना आणि तिसरी खोली, जिथं चौथीचा वर्ग भरायचा, ती म्हाताऱ्यांना. मधे साडीचा पडदा, इकडं बाया, तिकडं पुरुष. ती खोली माझ्याकडे आली.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर जुलाब-उलटीच्या साथीत औषधापेक्षा पाण्याचं काम मोठं असतं. अंगातून गेलेलं पाणी परत अंगात घालायचं, एवढंच. तरणाताठा माणूस तहानेनं ओरडतो, तांब्याच हिसकावून घेतो. लेकरू रडतं. म्हातारं माणूस मात्र काहीच करत नाही. त्याला तहान लागतच नाही, किंवा लागली तरी कळत नाही. ते शहाण्यासारखं गप पडून राहतं आणि गप पडल्या पडल्या जातं. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहते, जीभ वाळते, शीर सापडत नाही. सलाइन लावावं तर म्हातारं काळीज, भराभर सोडलं तर छातीत पाणी भरतं. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्या-चमच्यानं पाजायचं. एक चमचा, थांबायचं, परत एक चमचा. दिवसभर. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात कसलीही ऐट नाही. इंजेक्शन देताना नर्स नर्स वाटते. चमच्यानं पाणी पाजताना ती कुणाची तरी सून वाटते.

हिशेब ठेवायला मी वर्गाचा फळा घेतला. प्रत्येक खाटेची एक रांग, आणि पोटात गेलेल्या दर तांब्यामागं खडूची एक रेघ. संध्याकाळी फळ्याकडं पाहिलं की कोण जगणार आणि कुणाची काळजी करायची ते कळायचं. ही कल्पना माझी होती. डॉक्टरांनीही वाखाणली होती. पण रेघा मारायची राबिया.

राबिया आमच्याकडे रोजंदारीवर आया होती. चाळिशीची, ठेंगणी, दातांना मिश्री, बोलणं खणखणीत. घराणं उदगीरकडचं, बांगड्यांच्या धंद्यातलं. तिची अम्मा टोपली घेऊन घरोघर बांगड्या भरायला जायची आणि ही मागं मागं. त्यामुळं कुठल्या घरात काय चालतं, कोण कशाला शिवत नाही, कुठल्या म्हातारीला काय म्हटलेलं आवडतं, हे तिला पाठ. अक्षर एक येत नव्हतं. पण ती खोलीत शिरली की दहाही खाटांवर जीव यायचा.

"राबिया, आली का गं माय?"

"आले, आले. मरायची घाई करू नका, आधी पाणी प्या."

असलं बोलून ती लोकांना पाणी पाजायची! मी गोड बोलायची, "आजोबा, थोडं घ्या हं," तर आजोबा तोंड फिरवायचे. मला ते 'नर्सबाई' म्हणायचे आणि तिला 'माय'. मी तिच्यासारखं बोलून बघितलं. एका म्हातारीला म्हटलं, "प्या की, लई नखरे करू नका." ती माझ्याकडं बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "नर्सबाईचं डोकं दुखून राहिलं वाटतं." मी नांदेडहून गुलाबाच्या वासाचा साबण आणला, हात त्यानं धुऊ लागले, म्हटलं हाताला औषधाचा वास येत असेल. काही फरक पडला नाही. राबियाच्या हाताला चुलीच्या धुराचा वास यायचा, आणि तोच त्यांना चालायचा.

गंमत म्हणून आज हे लिहितेय, पण तेव्हा मला रात्रंदिवस तेच सलत होतं. शिकले मी, परीक्षा मी दिली, जबाबदारी माझी, आणि हाक मात्र तिला. किती वेळा 'राबिया' आणि किती वेळा 'नर्सबाई', हे मी मनात मोजत बसायची. तिशीची, चांगली कळती बाई!

अशात गंगाबाई आल्या. कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावातल्या, सत्तरीच्या पुढच्या लिंगायत बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी. डबीत लिंग. घरचे सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. पुतण्यानं बैलगाडीतून आणून सोडलं आणि हजेरी बुडेल म्हणून तो लगेच परतला. आल्या तेव्हा बाईंचे डोळे खोल गेले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. मी चमचा पुढं केला, त्यांनी हातानं बाजूला सारला. दुसऱ्या सिस्टरनं केला, तोही सारला. कुणाच्याही हातचं पाणी घेणार नाही, असा नियम त्या जन्मभर पाळत आल्या होत्या, आणि तो नियम आता दवाखान्यात मोडायचा त्यांचा विचार नव्हता.

राबियानं तांब्या घेतला, गार केलेलं पाणी आणलं आणि खाटेच्या कडेला टेकली. "अजी, डबी उघडा. लिंगाला पाणी घाला."

गंगाबाईंनी थरथरत्या हातानं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. बोटानं भस्म लावलं. राबियानं वरून पाणी सोडलं, ते खालच्या वाटीत पडलं. ते झालं तीर्थ. मग राबियानं ते तीर्थ सबंध तांब्यात ओतलं, मीठ-साखर त्यात घातली आणि म्हणाली, "आता हे सगळं तीर्थ. लिंगावरून आलेलं पाणी काय कुणाचं ऱ्हातंय का?"

गंगाबाईंनी लिंग परत डबीत ठेवलं. मग तोंड उघडलं.

दर नव्या तांब्याला हा सोहळा व्हायचा. तांब्या आला की डबी उघडायची, भस्म, पाणी, तीर्थ, मग पिणं. मला राग यायचा. वेळ जातो, पाणी सांडतं, आणि या उन्हाळ्यात सांडलेल्या पाण्याची भरपाई करायची कुठून? पण खरा राग तो नव्हता. आमच्यातल्या कुणालाच जे सुचलं नाही ते मिश्री लावणाऱ्या एका बाईला सुचलं, हा राग होता. फळ्यावर गंगाबाईंची रांग सगळ्यांत लांब होत गेली. प्रत्येक रेघ मला टोचायची.

त्याच आठवड्यात नामदेवअण्णांचं झालं. हे पलीकडच्या बाजूचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. सोडेचनात. मी खुर्ची ओढून बसले, डाव्या हातानं चमचा चालू ठेवला. अण्णा हळू हळू बोलत होते, मेलेल्या बायकोचं, विकलेल्या बैलजोडीचं. मधे मधे म्हणत होते, "तुझ्यासारखी लेक पाहिजे होती बघ." मला भरून आलं. वाटलं, चला, एक तरी माझा. संध्याकाळी उठायला लागले तेव्हा त्यांनी हात दाबून म्हटलं, "उद्या येशील ना राबिया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाची यादी बदलली. राबियाला बाहेर अंगणात चुलीवर लावलं, पाणी उकळायला. कारण काय दिलं? पाणी नीट उकळलं जात नाही, जबाबदार माणूस हवं. कारण खोटंही नव्हतं. बहुतेक वाईट कामांना एखादं बरं कारण सापडतंच.

राबिया यादी ऐकून म्हणाली, "मग म्हातारे?"

"मी आहे ना."

"हाव, तुम्ही हाय म्हणा," ती म्हणाली आणि पदर खोचून चुलीकडं गेली. तिच्या त्या 'म्हणा'नं माझं डोकं आणखी तापलं.

त्या दिवशी मी ठरवूनच गंगाबाईंपासून सुरुवात केली. पहाटे त्यांना मोठी उलटी झाली होती. कपडे, गळ्यातला दोरा, सगळं बरबटलं होतं. मी स्वतः पाणी कोमट करून त्यांचं अंग पुसलं, केस विंचरले, धुतलेलं पातळ नेसवलं. दोरा आणि डबी काढून जंतुनाशकात धुतली, पुसली आणि हेडमास्तरांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आदल्याच आठवड्यात एकीची नथ गेली होती, तेव्हापासून पेशंटचा दागिना कपाटात ठेवायचा नियम झाला होता. किल्ली माझ्या खिशात. गंगाबाई ग्लानीत होत्या, त्यांना काही कळलं नाही. आणि मी त्या डबीकडं चांदी म्हणून बघितलं, दागिना म्हणून. इतके दिवस डोळ्यांसमोर तो सोहळा चालला होता, पण बघणारी मी राबियाकडं बघत होते, डबीकडं नाही.

उन्हं वर आल्यावर त्या जाग्या झाल्या. मी तांब्या घेऊन बसलेच होते. त्यांचा हात गळ्याशी गेला. छातीवर, खांद्यावर, उशीखाली फिरला. मग त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पदर छातीशी आवळला आणि तोंड भिंतीकडं केलं.

"आजी, पाणी घ्या."

मी तांब्या आणखी जवळ नेला.

"हे तीर्थच आहे, आजी." हेही मी म्हटलं. खोटं. त्यांनी मानसुद्धा हलवली नाही.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिला राबिया पाहिजे. मी एवढं अंग पुसलं, केस विंचरले, आणि ही तोंड फिरवते! दुपार झाली. मी चमचा ओठांना लावला की पाणी हनुवटीवरून ओघळायचं. फळ्यावर त्यांच्या रांगेत एकही नवी रेघ नाही. डॉक्टरांनी शीर शोधून पाहिली, सापडेना. शेवटी पायाला एक सापडली, तिथं थेंब थेंब सलाइन लावलं. शिल्लक बाटल्यांतली ती शेवटची बाटली होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हिला तोंडानं गेलं पाहिजे. आज-उद्याचा प्रश्न आहे."

अंगण पंधरा पावलांवर होतं. मला फक्त खिडकीतून हाक मारायची होती, "राबिया, जरा ये गं." मला माहीत होतं की ती आली असती आणि काहीतरी करून पाजलं असतं. पण हाक मारायची म्हणजे हरायचं. मी मारली नाही. संध्याकाळी घरी जाताना तिनं विचारलं, "माझी गंगाअजी कशी हाय?" मी म्हटलं, "बरी आहे." हे वाक्य इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नोकरीत औषधाची चूक झाली आहे, नोंदीची झाली आहे, पण त्या चुकांची मला लाज वाटत नाही. या दोन शब्दांची वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाबाईंची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडायच्या. मी चमचा हातात घेऊन बसले होते, आणि आता राग नव्हता, भीती होती. आता तरी हाक मारावी, आता तरी, असं चाललं होतं आणि मी परत परत चमचाच त्यांच्या ओठांना लावत होते.

तेवढ्यात राबियाच आत आली. हातात उकळत्या पाण्याचं भगोणं तसंच. ते तिनं दारातच ठेवलं. चुलीपासून खिडकीतून तिला फळा दिसायचा. अक्षर येत नसलं तरी रेघा तिच्याच होत्या.

"कालपून अजीच्या वळीला रेघ न्हाई. काय झालं?"

मी उत्तर द्यायच्या आत ती खाटेशी पोचली. गंगाबाईंच्या गळ्यापाशी हात घातला आणि तशीच वळली. "सिस्टर, लिंग कुठं हाय?"

"कपाटात. धुऊन ठेवलंय. दागिने कपाटात ठेवायचा नियम आहे."

"अरे अल्ला! दागिना?" तिनं हात पुढं केला. "चावी द्या."

मी खिशात हात घातला. किल्ली कालपासून माझ्याजवळ होती. माझ्या मांडीला टोचत होती.

राबियानं डबी आणून गंगाबाईंच्या मुठीत ठेवली आणि मूठ आपल्या हातात धरून बसली. "अजी, हे बघा. हरवलं न्हाई. हितंच हाय." कितीतरी वेळानं म्हातारीची बोटं हलली. डबी चाचपली. डोळ्यांतून पाणी यायलाही अंगात पाणी लागतं, ते नव्हतं, नुसता चेहरा रडला. पुटपुटल्या, "उलटीत वाहून गेलं वाटलं गं. कुणाला सांगू? जन्मभर संबाळलं आन शेवटाला हरवलं. आता पाणी कोणत्या तोंडानं पिऊ?"

तेव्हा मला कळलं. लिंग गेलं तर अन्नपाणी वर्ज्य, अशी त्यांची रीत. त्या रुसल्या नव्हत्या. राबियासाठी अडून बसल्या नव्हत्या. माझ्याकडं तर त्यांचं लक्षही नव्हतं. त्या बिचाऱ्या मरायला तयार होऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, आणि मी मात्र कालपासून मानापमान करत बसले होते.

मागून डॉक्टर आले. त्यांनी सगळं पाहिलं. "हे काढलं कुणी? काढलं तर सांगितलं का नाही तिला?"

खोलीत दहा म्हातारी माणसं, दुसरी सिस्टर, डॉक्टर. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्याच ठिवलं, साहेब," राबिया म्हणाली. "कपडे बदलायच्या टायमाला. ध्यानातून गेलं."

डॉक्टर भले होते, पण त्या दिवसांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर नको ते सुनावलं. तुझ्यामुळे बाई गेली असती, अडाणी ती अडाणीच, असं बरंच. ती खाली बघत उभी राहिली. मी फळ्याकडं बघत उभी राहिले.

ते गेल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही डोळ्यांत पाणी आणून काहीतरी थोर बोलणार, आणि मग मी हिचा जन्मभर राग करीन. राबिया तसली नव्हती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या फुकट न्हाई बोलले, सिस्टर. उद्यापून माझी डुटी हितं लावा. त्या चुलीनं डोळे फुटून राहिले माझे."

यादी मी तेव्हाच बदलली. गंगाबाईंनी त्या सकाळी तांब्यातलं अर्धं पाणी घेतलं, चमच्या-चमच्यानं. तीन दिवसांनी उठून बसल्या. फळ्यावरची रांग परत लांबली.

आठवड्यानं एका सकाळी पुतण्या गाडी घेऊन आला. गंगाबाई धुतलेलं पातळ नेसून, ताजं भस्म लावून, गळ्यात डबी घालून खाटेवर बसल्या होत्या. मी कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडत होते. त्यांनी हाक मारली, "नर्सबाई."

मी वर पाहिलं.

"जाताना पाणी पाजा की तुमच्या हातानं."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी टेबलावरच्या माठातून पेला भरायला गेले, तर राबिया मधे आली. "त्यातलं नको. हे घ्या." आणि आपला पितळी तांब्या माझ्या हातात दिला. मला तेवढ्यातही चीड आली, म्हटलं आताही हिची लुडबुड. पण वाद कशाला. मी तिच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं आणि गंगाबाईंच्या ओठांना लावलं. त्या माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघत होत्या. मग सगळा पेला प्यायल्या, हातानं तोंड पुसलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दिवशी मी नांदेडला घरी चार पानी पत्र लिहिलं. कुणाच्याही हातचं पाणी न पिणारी बाई माझ्या हातचं, साधं, विनासोहळ्याचं पाणी प्यायली! मी जिंकले होते. आणि ते खरं मानून मी पुढं कितीतरी वर्षं जगले. नव्या मुलींना शिकवताना सांगायची, माया केली की कुणीही तोंड उघडतं. साथ ओसरली, माझी बदली झाली. डॉक्टरांना खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. राबियाची नंतर गाठ पडली नाही. पाडून घेतली असती तर पडली असती.

आता कोरोना. दुसऱ्या लाटेत मी नांदेडला दवाखान्यात होते, नाकाला ऑक्सिजन, अंगात उठायचं त्राण नाही. सगळे पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेले, कुणाचा चेहरा दिसायचा नाही, छातीवर स्केचपेननं नाव लिहिलेलं. तिथं शोभा नावाची आया होती. माझा मास्क बाजूला करून पाणी पाजायची तिची एक पद्धत होती. आधी ओठ ओले करायची, मग थांबायची, मग घोट. मला ती आली की बरं वाटायचं. नुसता तिच्या चपलांचा आवाज ओळखायची.

एकदा तिच्याऐवजी सिस्टर पेला घेऊन आली. तरुण पोरगी. मी मान हलवली. "शोभा येऊ दे."

त्या मुलीचे फक्त डोळे दिसत होते. पण ते डोळे मी ओळखले. ते आरशात पाहिलेले होते. शिकलेली ती, जबाबदारी तिची, बारा तास त्या पोशाखात घामानं भिजलेली ती, आणि म्हातारी म्हणते शोभा येऊ दे. तिच्या खांद्यामागं शोभा येऊन उभी राहिली होती. मी शोभाकडं पाहिलं. तिनं हळूच 'प्या' म्हणून मान हलवली.

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हीच पाजा." आणि घशाखाली उतरत नव्हतं तरी तो पेला संपवला. सिस्टरचे डोळे असे हसले की काय सांगू.

ती गेल्यावर मी छताकडं बघत पडले आणि इतक्या वर्षांनी मला ती गाडीची सकाळ नीट दिसली. गंगाबाई माझ्या खांद्यावरून कुणाकडं बघत होत्या, ते कळलं. 'नर्सबाईला बरं वाटंल, मागा एकदा' असं त्यांना आधी कुणी सांगून ठेवलं असेल, तेही कळलं. आणि राबियानं माठातलं पाणी का घेऊ दिलं नाही, ते कळलं. म्हातारीचा नियमही मोडू नये आणि माझंही मन मोडू नये, म्हणून तिनं सकाळीच डबी उघडायला लावून तांब्या तयार ठेवला होता. मी जे पाजलं ते तीर्थच होतं. मला तेवढं सांगितलं नव्हतं.

ऑक्सिजनची नळी नाकात असताना रडू नये, श्वास कोंडतो. हे मी शेकडो पेशंटना सांगितलं आहे. शोभा धावत आली, म्हणाली, "काय झालं, आजी? दुखून राहिलं का कुठं?"

मी म्हटलं, "पाणी दे." आणि तिच्या हातचं प्यायले.